पन्नासाचं कुंपण

नेरिडाला त्रेसष्ट मिळाले ही बातमी क्लॅरी पेंगेलीला कळली तेव्हा वारगुंडीत ती न कळलेला बहुधा तो एकटाच उरला होता. तो पोस्टात रोज जात नसे आणि गावात बातमी मिळायची ती पोस्टातच, कारण तिथे डोरीन बसे. डोरीनच्या कानावर सकाळी पडलेलं दुपारच्या जेवणाआधी शंभर किलोमीटरवरच्या मेंढ्यांनाही ठाऊक होतं, असं लोक म्हणत. त्यात ही बातमी तिच्या घरचीच. नेरिडा तिची सून.

गावच्या अँब्युलन्सवर नेरिडाला अकरा वर्षं झाली होती. डॉक्टर वारगुंडीत राहत नाही. दर मंगळवारी विमानाने येतो आणि वारा फार असला की येतही नाही. तो न येण्याच्या दिवसांत जे काही घडेल ते नेरिडाच्या अंगावर. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिने ठरवलं की आता आपणच डॉक्टर व्हायचं. पदवी झालेल्यांना मेडिकलला घेण्याआधी जी परीक्षा घेतात तिला ती मार्चमध्ये बसली आणि मेच्या शेवटी निकाल आला. तिचा नवरा ब्रेट पाठीमागे उभा होता. पडद्यावरचा सगळ्यांत ठळक आकडा त्याने वाचला आणि बायकोने श्वास घ्यायच्या आत आईला फोन लावला.

शनिवारी दुपारी गावाच्या हॉलमध्ये चहापाणी ठरलं. भिंतीवर चादरीवर रंगवलेलं ‘डॉक्टर नेरिडा’ झळकत होतं. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन चार ताटं भरून आले होते. गुडघा, पाठ आणि उजव्या कानातला आवाज यांबद्दल नव्या डॉक्टरला विचारायला रांग लागली होती. नेरिडा सगळ्यांना हसून उत्तर देत होती, पण हातातला चहा तिने तोंडाला लावला नव्हता. क्लॅरीने हे पाहिलं, कारण पाहणं हाच त्याचा धंदा होता.

एकावन्न वर्षं त्याने कातरणीच्या शेडमध्ये लोकरीची पारख केली होती. आठ कातरणारे ओळीने मेंढ्या भादरत असतात. दर वीस सेकंदांना कोणीतरी एक अख्खी लोकर पारख्याच्या टेबलावर झुगारतं, आणि दुसरी येऊन पडायच्या आत पहिली कोणत्या ढिगात जायची ते सांगावं लागतं. चूक झाली तर सबंध गासडीचा भाव पडतो आणि गासडीवर नाव पारख्याचं असतं. क्लॅरीचं नाव असलेली गासडी सिडनीच्या लिलावात उघडूनही बघत नसत, असं लोक म्हणत. तो स्वतः मात्र म्हणायचा की बघायचे, बघायलाच हवी.

त्याने नेरिडाकडे निकालाचा कागद मागितला. तो गेलं वर्षभर तिच्या अभ्यासाचा सोबती होता. पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचे, उत्तर ताडून पाहायचं, एवढं त्याचं काम. प्रश्नातलं ओ की ठो त्याला कळत नसे, पण वर्षभरात परीक्षेची चाल त्याला समजली होती. तिने कागद खिशातून काढला. त्यावर चार आकडे होते. वाचून समजून घेण्याचे बहात्तर. निबंधांचे ऐंशी. विज्ञानाचे एकोणपन्नास. आणि खाली ठळक, त्रेसष्ट.

ब्रेटने आणि गावाने तो खालचाच वाचला होता. त्यांना दोष कसा द्यायचा? आकडा समोर आला की माणूस सगळ्यांत मोठ्या अक्षरातला वाचतो. आधी काही जणांना त्रेसष्ट म्हणजे शंभरातले त्रेसष्ट वाटले आणि चेहरे पडले. मग डोरीनने सगळ्यांना खडसावून सांगितलं की हे शाळेतले मार्क नव्हेत. सबंध देशातल्या कळपात तुम्ही कुठे उभे आहात ते त्यावरून कळतं, आणि साठाच्या वर फारच थोडे असतात. तिचं खरंच होतं. फक्त तिचं म्हणणं तिथेच संपत होतं. विज्ञान दुप्पट धरून चारांची सरासरी काढतात आणि तो ठळक आकडा येतो. पण अर्ज घेताना कॉलेजं आधी सुटे तीन बघतात. तिन्ही निदान पन्नास नसतील तर चौथ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

क्लॅरीचा अंगठा एकोणपन्नासावर थांबला. त्याने मान वर केली. नेरिडा त्याच्याकडेच बघत होती आणि तिला कळलं की याला कळलं.  चादरीवर नाव रंगवलेल्या माणसाची गोष्ट दुसऱ्याने सांगू नये, एवढं त्याला समजत होतं. त्याने कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

मग नेरिडाने कप खाली ठेवला आणि हॉलच्या मध्यभागी जाऊन स्वतःच सांगितलं. या वर्षी मला अर्ज करता येणार नाही, एका भागात एक गुण कमी आहे, माझ्यासाठी एवढं केलंत आणि मी दोन दिवस तोंड उघडलं नाही, माफ करा. आवाज स्थिर होता. रस्त्यावर उलटलेल्या ट्रकातल्या माणसाला ती पाय मोडलाय असं सांगते, तसाच. क्लॅरीला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की त्याने उगाच खोकून घेतलं.

गाव चिडलं, पण तिच्यावर नाही. एका गुणासाठी? त्रेसष्ट असताना? सिडनीवाल्यांच्या अकलेचं दिवाळं निघालं आहे, असं एकमताने ठरलं. डोरीन म्हणाली की कॉलेजांना ती स्वतः पत्र लिहिणार आहे आणि तिकीटही लावणार नाही. थोडक्यात, वारगुंडीच्या लेखी नेरिडा जिंकलीच होती. कॉलेजांना वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॅरी अँब्युलन्सच्या ठाण्यावर गेला. नेरिडा गाडीतल्या पेट्या लावत होती. तिने न विचारता त्याला चहा करून दिला आणि पाठमोरीच म्हणाली, "ब्रेट रडला रे. लग्नातसुद्धा नव्हता रडला. पुन्हा बसायची माझ्यात ताकद नाही, क्लॅरी. मला विज्ञान येत नाही, हे एकदा मान्य केलेलं बरं."

"तुला येत नाही असं मी म्हटलं का?"

"कागद म्हणतोय."

क्लॅरीने खिशातून लोकरीची एक बट काढली. बोटभर लांब, पांढरीशुभ्र, अंगावर बारीक लाटा असलेली. दोन्ही टोकं चिमटीत धरून त्याने ती कानाजवळ ताणली आणि टिचकी मारली. बट मधोमध तुटली.

"ही बघ. इतकी तलम लोकर मी वर्षाला दोन-चारच बघतो. पण पिंजायला घातली की इथेच तुटणार, म्हणून गिरणीवाला हात लावत नाही. तो सरासरी काढत नाही, जिथे तुटते तिथे बघतो. तुझी कॉलेजंही तेच करतायत, आणि बरोबर करतायत." त्याने तुटलेलं टोक तिच्यापुढे धरलं. "पण आमच्यात अजून एक बघतात. बट का तुटली? मेंढी वाईट म्हणून नव्हे. त्या महिन्यात ती उपाशी होती म्हणून. टोकापासून मोजलं तर कोणता महिना तेही सांगता येतं. तू उपाशी कुठे राहिलीस?"

नेरिडाला आधी कळेना. मग तो खोदून खोदून विचारू लागला. किती प्रश्न होते? पंच्याहत्तर. वेळ? अडीच तास. म्हणजे एकाला दोन मिनिटं. किती झाले? ती पेट्यांच्या कुलपांशी चाळा करत राहिली आणि शेवटी म्हणाली, छप्पन्न.

"आणि उरलेले एकोणीस?"

"बघितलेच नाहीत. वेळ संपली."

छप्पन्नांतले बहुतेक बरोबर असणार, हे क्लॅरीला वर्षभराच्या सरावावरून माहीत होतं. चुकल्याचा दंड नसतो. त्या एकोणिसांना तिने आंधळेपणाने खुणा केल्या असत्या तरी चार-पाच लागले असते आणि कुंपण ओलांडलं असतं. त्याने तसं म्हटल्यावर ती चिडलीच. माहीत नसताना उत्तर द्यायचं? तिच्या धंद्यात अशाने माणसं मरतात. आणि अर्धा झालेला प्रश्न टाकून पुढे जायचं? ते तिला जमतच नाही. एकदा हातात घेतला की तडीस न्यायचा. एकेकावर सहा-सहा मिनिटं गेली, तिला दिसत होती, तरी हात निघेना.

 आता जे बोलायचं होतं ते क्लॅरीच्या तोंडून निघेना. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्याची बायको आयलीन स्वयंपाकघरात कोसळली, त्या दिवशी धुळीच्या वादळाने विमान उतरू शकलं नव्हतं. नेरिडा सकाळी दहाला आली ती दुपारी चारपर्यंत आयलीनच्या उशाशी गुडघ्यांवर बसून होती. तिने पाणी प्यायलं नाही, गुडघा बदलला नाही. करण्यासारखं काही उरलं नाही असं फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितल्यावरही ती हात धरून तिथेच राहिली. त्या सहा तासांसाठी क्लॅरी तिला उरलेलं सगळं आयुष्य द्यायला तयार होता. आणि आता त्यालाच तिला सांगायचं होतं की हेच तुला नडतंय.

"तू आयलीनला सोडून उठली नाहीस," तो म्हणाला, "म्हणून मी वर्षभर तुझी पुस्तकं धरून बसलो. दुसरं कारण नाही. पण कागदावरचा प्रश्न म्हणजे आयलीन नव्हे, पोरी. त्याला काही दुखत नाही. त्याला सोडलंस तर तो मरत नाही. तू मात्र अडकतेस, आणि मग इथली माणसं दर मंगळवारी आकाशाकडे बघत बसतात."

 नेरिडाने त्याच्या हातातली तुटकी बट घेतली, कचऱ्यात टाकली आणि विचारलं, "सप्टेंबरच्या परीक्षेचे फॉर्म कधी सुटतात, बघितलंस?"

त्याने अर्थातच बघितलं होतं.

जूनपासून क्लॅरीच्या व्हरांड्यात शाळा भरली. पद्धत अगदी साधी होती. तिच्यापुढे एक प्रश्न ठेवायचा आणि दोन मिनिटं झाली की कागद ओढून घ्यायचा, उत्तर ओठांवर आलेलं असलं तरी. दया दाखवायची नाही. पहिल्या आठवड्यात नेरिडाने त्याला ज्या शिव्या दिल्या त्या शेडमधल्या कातरणाऱ्यांनीही ऐकल्या नसतील. एकदा तिने कागद इतका घट्ट धरला की अर्धा तिच्याकडे राहिला आणि अर्धा त्याच्याकडे. "थेरड्या, एक ओळ राहिली होती," ती म्हणाली. "पुढची मेंढी आली," तो म्हणाला, आणि दुसरा कागद ठेवला.

जुलैत एकदा त्याने कागदाला हात घातला तर तिने त्याचं मनगटच पकडलं. त्याला वाटलं भांडण पुढच्या पायरीवर गेलं. पण ती घड्याळाकडे बघत होती.

"नाडी चुकतेय तुझी."

"दोन मिनिटं झाली तुझी."

"गप्प बस. हात ठेव इथे."

त्या दिवशी पुढे एकही प्रश्न झाला नाही. तिने त्याला गाडीत घालून ठाण्यावर नेलं, छातीला तारा चिकटवल्या, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढली आणि मंगळवारच्या डॉक्टरला पाठवली. तेव्हापासून क्लॅरी सकाळी एक गोळी घेऊ लागला. घरी आल्यावर तो खूप वेळ विचारात पडला. ही बाई जशी आहे तशीच असल्यामुळे आपण उद्या जिवंत असणार, आणि आपण रोज संध्याकाळी बसून तिला तशी नसायला शिकवतोय. लोकरीत एक बरं असतं, तिला फक्त ढिगात टाकायचं असतं, बदलायचं नसतं. त्याला पहिल्यांदा वाटलं की थांबावं. पण दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन हजर झाली आणि त्याने आदल्या दिवशी राहिलेले सगळे वसूल केले.

ऑगस्टच्या शेवटी ती दोन मिनिटांना आपणहून कागद खाली ठेवू लागली. ठेवताना दर वेळी तिचा चेहरा किंचित ओढल्यासारखा होई. क्लॅरीला ते बघवत नसे, पण त्याने बघितलं.

सप्टेंबरात ब्रेटने तिला सहा तास गाडी चालवून परीक्षेच्या शहरात नेलं आणि सहा तास चालवून परत आणलं. ती येऊन दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि परीक्षेबद्दल कोणाशी चकार शब्द बोलली नाही. क्लॅरीनेही विचारलं नाही.

निकाल नोव्हेंबरात आला आणि ब्रेटने पुन्हा ठळक आकडाच वाचून आईला फोन लावला. एकसष्ट.

डोरीनने पोस्टाचं दार अर्धं लावून घेतलं, यावरूनच गावाला कळलं की काहीतरी वाईट झालं. त्रेसष्टावरून एकसष्ट. उतरली बिचारी. चार महिने राबली आणि दोनाने खाली आली. दुसऱ्यांदा ‘डॉक्टर नेरिडा’ची चादर काढायला नको म्हणून कोणीतरी ती परस्पर धुवून टाकली. वारगुंडीत दुःखाच्या घरी तयार जेवण न्यायची रीत आहे. घरातल्या बाईला चूल पेटवायला लागू नये म्हणून. दुपारपर्यंत नेरिडाच्या ओट्यावर भाजलेल्या ट्यूना-पास्त्याची तीन भांडी आणि मटणाची एक मोठी थाळी येऊन पडली होती. पबमधल्या कोणी तरी एवढंच म्हटलं की लोकरीत धाग्याच्या जाडीचा आकडा उतरला की भाव चढतो, माणसांचंही तसं असतं तर बरं झालं असतं. त्याला इतरांनी गप्प केलं.

क्लॅरी पोचला तेव्हा दारातच डोरीन भेटली, हातात चौथं भांडं. तिचे डोळे लाल होते. तिने दबक्या आवाजात सांगितलं की आत्ता आकड्यांचा विषय काढू नकोस, पोरीने तोंडही उघडलेलं नाही, सकाळपासून नुसती शांत बसून आहे.

नेरिडा मागच्या पायऱ्यांवर बसली होती. क्लॅरी शेजारी बसला. तिने कागद त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने ठळक आकडा बघितलाच नाही. अडुसष्ट. बासष्ट. आणि विज्ञान, सत्तावन्न.

त्याने ते पुन्हा वाचलं. तिन्ही कुंपणाच्या आत, आणि गावाकडच्या उमेदवारांसाठी राखलेल्या जागांच्या मुलाखतीला एवढ्या आकड्यावर गेल्या वर्षी बोलावलं होतं, हे दोघांनाही पाठ होतं. दार अजून उघडलं नव्हतं; पण आता ते ठोठावता येत होतं. क्लॅरीने मागे वळून हाक मारली. "डोरीन, ते भांडं फ्रीजमध्ये टाक आणि इकडे ये. तुझी सून उतरली नाही. सहा महिन्यांपूर्वी तू चादर रंगवलीस तेव्हा ती बाहेर होती. आज आत आहे."

डोरीन भांड्यासकट दारात उभी राहिली. तिला तीनदा समजावून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा क्लॅरीने सुटे आकडे बोटाने दाखवले आणि ठळक आकडा तळहाताने झाकला, तेव्हा तिला दिसलं. "म्हणजे मी सकाळपासून सगळ्या गावाला चुकीचं सांगत बसले?" ती म्हणाली, भांडं पायरीवर ठेवलं आणि पोस्टाच्या दिशेने धावलीच. अडुसष्टाव्या वर्षी.

दोघं पुन्हा एकटे राहिले. क्लॅरीला खूप आनंद झाला होता, पण त्याच्या मनात एक गोष्ट जुलैपासून टोचत होती आणि ती विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"किती टाकलेस?"

"अकरा."

"अर्धवट?"

"काही अर्धवट, काही हातच न लावता. डोळे मिटून खूण केली आणि पुढे गेले. तू ओढून घेतोयस असं समजून."

"शाबास," तो म्हणाला. पण शब्दात जोर नव्हता.

नेरिडा पायरीवरच्या भांड्याचं झाकण उघडून आत बघत होती. "परत येताना ब्रेट गाडी चालवत होता," ती सावकाश म्हणाली. "सहा तास होते. मी एकेक आठवून बघितला. कागदावर उतरवायला बंदी आहे, म्हणून डोक्यातच. घर येईपर्यंत सातांची उत्तरं निघाली. तीन त्या महिन्यात, गाडी धुताना वगैरे. शेवटचा गेल्या गुरुवारी निघाला."

"अगं, पण कशाला? परीक्षा संपली होती. त्याचा कोणाला काय उपयोग?"

"कोणालाच नाही," नेरिडा म्हणाली. "पण मी त्यांना टाकून गेले होते ना. परत जायला नको?"

 चार महिने क्लॅरीला वाटत होतं की आपण हिच्यातलं सगळ्यांत चांगलं तेवढं मोडून टाकतोय, आणि तिने त्याला ते मोडू दिलंच नव्हतं. फक्त पुढे ढकललं होतं. आयलीन असती तर तो आत्ता उठून घाईघाईने घरी गेला असता, तिला हे सांगायला. ती नव्हती, म्हणून तो तिथेच बसला. नेरिडाने आतून दोन काटे आणले आणि दोघांनी डोरीनचा ट्यूना-पास्ता भांड्यातूनच खायला सुरुवात केली.